शब्द वेळेवर उजळावा

(बी. ए. द्वितीय वर्ष)

संगणक हा विज्ञान शाखेचा विषय आहे, कला शाखेचा नव्हे, अशी आपल्याकडे एक पक्की समजूत आहे. कला शाखेच्या विद्यार्थ्याने कविता लिहावी, कथा लिहावी, फार तर ग्रामीण जीवनातील बदलांवर एखादा लेख लिहावा. संगणकाची गोष्ट निघाली की त्याने बाजूला सरकावे, असा जणू अलिखित नियमच झाला आहे. तो नियम मोडून मी आज संगणकातील एका लहानशा गोष्टीवर लिहिणार आहे. तिला टायमर कॉलबॅक असे म्हणतात. नाव परके वाटेल, परंतु गोष्ट आपल्या गावच्या सप्ताहात रोज घडणारी आहे. आणि ती नीट न समजता वापरली तर ज्यांना वाचता येत नाही अशा आपल्याच माणसांचे नुकसान होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम माणसांविषयी सांगते, यंत्राविषयी नंतर. २०११ च्या जनगणनेनुसार आपल्या बीड जिल्ह्यातील साक्षरता सुमारे ७७ टक्के होती. पुरुषांत हे प्रमाण सुमारे ८५ टक्के, तर स्त्रियांत सुमारे ६८ टक्के होते. म्हणजे दर तीन स्त्रियांपैकी जवळजवळ एकीला वाचता येत नव्हते. हे आकडे जुने झाले हे खरे. पण त्या वेळी ज्या बाया तिशी-चाळिशीत होत्या त्या आजही आपल्या घरांत आहेत. ज्या घरांतील माणसे दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात, त्या घरांत शाळा अर्धवट सुटणे ही नवलाची गोष्ट नाही. आमचे घर त्यांपैकीच एक. महाविद्यालयाची पायरी चढलेली आमच्या घरातील मी पहिलीच. माझ्या आईला सहीपुरती अक्षरे येतात. त्यापुढे एखादी पाटी वाचायची झाली की ती माझ्याकडे पाहते.

परंतु याच आईला हरिपाठ तोंडपाठ आहे. नारायणगडाच्या परिसरातील कोणत्याही गावात हे असेच आढळेल. नगद नारायण महाराजांचा हा गड. लोक त्याला धाकटी पंढरी म्हणतात. आषाढीला येथून पालखी पंढरपूरला जाते. या भागातील वयस्क बायांना किती अभंग पाठ आहेत याची मोजदाद कोणी केलेली नाही; पण सप्ताहात बसून पाहावे, एकीचा चरण सुटला तर दुसरी उचलते, पुस्तक कोणाच्याही हातात नसते. मला नेहमी प्रश्न पडतो, की ज्या माणसाच्या तोंडी इतके मराठी आहे, त्याला मराठी वाचता येऊ नये, याला काय म्हणावे? शब्द तर त्याच्यापाशी आहेतच. त्या शब्दांची रूपे तेवढी त्याला कोणी दाखवलेली नाहीत.

यावर एक उपाय आपल्या देशातच निघाला आहे आणि तो फार सोपा आहे. अहमदाबादच्या भारतीय प्रबंध संस्थेतील प्राध्यापक ब्रिज कोठारी यांना १९९६ साली ही कल्पना सुचली. दूरचित्रवाणीवर गाणे लागले की त्याच गाण्याचे शब्द, त्याच भाषेत, पडद्याच्या खाली दाखवायचे. आणि जो शब्द गायला जात आहे तो रंग बदलून उजळायचा. १९९९ मध्ये दूरदर्शनच्या गुजराती चित्रगीतांच्या कार्यक्रमात याची सुरुवात झाली. पुढे ‘चित्रहार’ आणि ‘रंगोली’ या सर्वांच्या ओळखीच्या कार्यक्रमांतही असे शब्द दिसू लागले. नंतरच्या काळात ‘झी टॉकीज’ वाहिनीवरील काही मराठी चित्रपटांनाही मराठीतच शब्द जोडले गेले. यामागचा विचार असा, की ज्याला अक्षरांची थोडी तोंडओळख आहे त्याची नजर आपोआप शब्दांकडे जाते आणि मनोरंजन होता होता वाचनाचा सराव घडतो. अजिबात अक्षरशत्रू असलेल्याला हे एका दिवसात पंडित करील असे कोणी म्हणत नाही. पण सहीपुरती अक्षरे येणाऱ्यांसाठी ही वाट मोलाची आहे.

आता या उपायाचे सारे मर्म कशात आहे ते पाहा. शब्द पडद्यावर असणे पुरेसे नाही. तो ज्या क्षणी कानावर पडतो त्याच क्षणी उजळला पाहिजे. कान सांगतो ‘विठ्ठल’, आणि डोळ्यांसमोर उजळलेला शब्दही ‘विठ्ठल’च असतो, म्हणून शिकणाऱ्याला कळते की या आवाजाचे रूप असे. कानात ‘विठ्ठल’ आणि उजळलेला शब्द ‘पंढरी’ असे झाले तर? ज्याला वाचता येते तो हसेल आणि सोडून देईल. ज्याला वाचता येत नाही तो चुकीचे शिकेल, किंवा काहीच शिकणार नाही. म्हणून हा प्रश्न वेळेचा आहे. आणि संगणकात वेळ सांभाळण्याचे जे साधन आहे तेच टायमर कॉलबॅक होय.

एम. एस. सी. आय. टी.चा वर्ग बहुतेकांनी केलेला असतो. त्यात हे शिकवीत नाहीत. मी ते पुढे ग्रंथालयातील पुस्तकांवरून आणि महाविद्यालयाच्या संगणक कक्षात आठवड्याला मिळणाऱ्या तासात थोडेथोडे शिकले. परंतु शिकता शिकता माझ्या लक्षात आले, की आपल्याला हे लहानपणापासून ठाऊक आहे. सप्ताहात वीणा अहोरात्र उभी असते. ती खाली ठेवायची नाही, म्हणून गावकरी पहारे वाटून घेतात. ज्याचा पहारा रात्री दोनला आहे तो काय करतो? घड्याळाकडे पाहत दोनपर्यंत जागा राहतो का? तसे केले तर तो पहाऱ्याला उभा राहण्याआधीच थकून जाईल आणि त्याची दुसरी कामेही पडून राहतील. तो सांगून ठेवतो, की माझी पाळी आली म्हणजे मला हाक मारा, आणि निर्धास्त झोपतो. वेळ झाली की त्याला हाक येते, तो उठतो, वीणा घेतो.

संगणकातही दोन रीती आहेत. एक अशी, की कार्यक्रमाने सारखे घड्याळ पाहत राहावे: झाली का वेळ, झाली का वेळ? यात यंत्राची सारी शक्ती विचारण्यातच खर्च होते. दुसरी अशी, की कार्यक्रमाने टायमरपाशी निरोप ठेवावा: इतक्या वेळाने माझे अमुक काम करणाऱ्या फंक्शनला हाक मार. फंक्शन म्हणजे एका कामाची लिहून ठेवलेली कृती. टायमर हाक मारतो, ती कृती पार पडते, पुन्हा सारे शांत. या परत येणाऱ्या हाकेलाच कॉलबॅक म्हणतात. हाक एकदाच हवी की ठराविक अंतराने पुन्हापुन्हा हवी, हेही सांगता येते. चित्र, आवाज आणि अक्षर यांचा जेथे मेळ घालायचा असतो, ज्याला मल्टिमीडिया म्हणतात, तेथे या हाकेवाचून पान हलत नाही.

यात एक शिस्त आहे आणि तीही सप्ताहातीलच आहे. जो हाक मारायला येतो त्याने हाक मारावी आणि परत जावे. तो तेथेच चहा पीत गप्पा मारत बसला तर पुढच्या माणसाला कोण उठवणार? विंडोज या प्रणालीला १९९१ साली मल्टिमीडियाची जोड मिळाली. तिच्यातील टाइमसेटइव्हेंट या टायमरविषयी मायक्रोसॉफ्टने हीच ताकीद लिहून ठेवली होती: कॉलबॅकच्या आत प्रणालीची मोजकीच फंक्शने वापरावीत, इतर काम बाहेर करावे. तो टायमर आता जुना ठरवण्यात आला असून त्याऐवजी दुसरा वापरावा असे त्याच कंपनीचे सांगणे आहे. साधन बदलले तरी शिस्त बदललेली नाही. कॉलबॅकमध्ये निरोप द्यावा, भारी काम करत बसू नये.

येथवर सारे सरळ आहे. घोटाळा पुढे होतो, आणि माझ्या लेखाचा मुद्दाही तेथेच आहे. टायमरने दहा हजारांश सेकंदांनी हाक मारावी असे सांगितले, तर हाक बरोबर तेवढ्याच वेळाने येते असे आपण गृहीत धरतो. ते तसे नसते. विंडोजचा नेहमीचा ठोका सेकंदाला सुमारे ६४ वेळा पडतो, म्हणजे दोन ठोक्यांत १५ हजारांश सेकंदांहून थोडे अधिक अंतर असते. मुद्दाम मागणी केल्याशिवाय त्याहून बारीक वेळ मिळत नाही. मोबाईलवर किंवा संगणकावर आपण जी पाने उघडतो त्यांत सेटटाइमआउट नावाचा टायमर असतो. त्याच्या भाषेत ‘इतक्या वेळाने’ याचा अर्थ ‘निदान इतक्या वेळाने’ असा आहे. त्याच क्षणी पानाचे दुसरे काही काम चालू असेल तर हाकेला थांबावे लागते. आणि आपण ते पान मागे टाकून दुसरे उघडले, तर बॅटरी वाचवण्यासाठी ही हाक सेकंदाला एकवर आणून ठेवली जाते. यात टायमरचा दोष नाही. तो उठवणारा आहे, वेळ मोजणारा नाही. आपण त्याला मोजणारा समजतो.

ही समजूत किती महागात पडते त्याचा हिशेब करून पाहू. समजा, एका भजनात धृपद धरून ३०० शब्द गायले जातात. कार्यक्रम लिहिणाऱ्याने साखळी केली: पहिला शब्द उजळला की टायमर लावायचा, त्याने हाक मारली की दुसरा उजळायचा, मग पुन्हा टायमर. प्रत्येक हाक सरासरी ८ हजारांश सेकंदांनी उशिरा आली असे धरू. एका शब्दाला तो उशीर जाणवणारही नाही. पण साखळीत प्रत्येक उशीर पुढच्याच्या डोक्यावर बसतो. ३०० गुणिले ८ म्हणजे २४०० हजारांश, म्हणजे जवळजवळ अडीच सेकंद. भजन संपता संपता पडद्यावरचे शब्द गळ्याच्या अडीच सेकंद मागे राहतात. तेवढ्या वेळात अख्खा चरण पुढे निघून गेलेला असतो. आणि मध्येच कोणाचा फोन आला, गाणे थांबले आणि साखळी तशीच चालू राहिली, तर मग विचारायलाच नको.

याला उत्तर कोणते? तेही आपल्या कीर्तनातच आहे. कीर्तनकाराच्या मागे उभे असलेले टाळकरी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून टाळ वाजवत नाहीत. बुवांनी चरण लांबवला तर तेही लांबवतात, बुवा दृष्टांतासाठी थांबले तर टाळ थांबतात, बुवांनी ‘विठ्ठल विठ्ठल’ अशी द्रुत लय धरली की तेही धरतात. त्यांचे घड्याळ म्हणजे गळा आणि मृदंग. त्यांपैकी एकाचा क्षणभर ठोका चुकला तरी पुढच्या ठोक्याला तो पुन्हा मेळात येतो, कारण तो मागच्या चुकलेल्या ठोक्यापासून मोजत नाही, समोर चाललेल्या गाण्यापासून मोजतो.

कार्यक्रमानेही असेच वागावे. कोणता शब्द गाण्याच्या आरंभापासून किती सेकंदांनी सुरू होतो व कधी संपतो, याचे एक कोष्टक आधी करावे. टायमरने हाक मारली की कार्यक्रमाने ‘किती हाका झाल्या’ हे मोजू नये. आवाजाला विचारावे, की बाबा, तू आता कुठवर आलास? हे आवाजाला सांगता येते, कारण ध्वनिमुद्रण म्हणजे शेवटी आकड्यांची रांग असते. सीडीच्या मापाने धरले तर एका सेकंदाला ४४,१०० आकडे खर्ची पडतात. किती खर्च झाले त्यावरून गाणे कोठे आहे ते कळते. मग कोष्टकात पाहून त्या क्षणाचा शब्द उजळावा. एखादी हाक उशिरा आली तर तेवढ्यापुरता शब्द उशिरा उजळेल, पण पुढच्या हाकेला सारे जागेवर येईल. उशीर साचणार नाही. फोन आला, गाणे थांबले, तर शब्दही थांबतील. पडदा सहसा सेकंदाला ६० वेळा नव्याने रंगवला जातो. प्रत्येक वेळी रंगवण्याआधी हाक मारण्याची सोय आजच्या पानांत आहे, तीच यासाठी सर्वांत सोयीची. म्हणजे हाकेचे काम उठवण्याचे, आणि वेळ विचारायची ती आवाजाला. टायमर कॉलबॅकविषयी मला जे म्हणायचे आहे त्याचे सार एवढेच आहे.

हा फरक किरकोळ आहे असे कोणाला वाटेल. मी एका गावच्या कार्यक्रमात पाहिले आहे. मंडपात मोठा पडदा लावला होता आणि ध्वनिमुद्रित भजनाबरोबर त्यावर शब्द येत होते. आरंभी सगळ्यांच्या माना वर होत्या. बाया एकमेकींना कोपराने ढोसून दाखवीत होत्या, की बघ, आपला हरिपाठ लिहून आलाय. थोड्या वेळाने शब्द मागे पडू लागले. जाणती मंडळी ‘हे बिघडलंय’ म्हणून मोकळी झाली. पण ज्यांना वाचता येत नव्हते त्या बायांना यंत्र बिघडले आहे हे कळलेच नाही. त्यांना एवढेच कळले, की आपल्याला हे जुळवता येत नाही. माझ्याशेजारी बसलेल्या एक मावशी म्हणाल्या, ‘आमच्या डोक्यात काय शिरायचं न्हाई बाई हे.’ आणि त्यांनी मान खाली घातली. यंत्राचा उशीर त्यांनी आपल्या कपाळी लावून घेतला. मला या गोष्टीचा राग आला तो त्या पडद्याचा नव्हे. शिकण्याची इच्छा असलेल्या माणसाला आपण अडाणीच आहोत असे पुन्हा एकदा वाटायला लावले, याचा आला.

तंत्र जाणणाऱ्या मित्रांना हा विषय येथेच संपला असे वाटेल. पण माझ्या मते येथून पुढे तो कला शाखेचा, विशेषतः मराठी विभागाचा होतो. याचे पहिले कारण आपली लिपी. इंग्रजी गाण्यांत रंग डावीकडून उजवीकडे सरकत जातो. आपल्याकडे ‘वि’ लिहिताना वेलांटी आधी दिसते आणि उच्चारताना मात्र ‘व’ आधी येतो. रंग डावीकडून सरकवला तर डोळा वेलांटीवर आणि कान ‘व’वर, अशी ओढाताण होते. दुसरे असे, की संगणकाच्या पोटात ‘विठ्ठल’ हा शब्द सहा चिन्हांचा असतो: व, वेलांटी, ठ, हलन्ताचे चिन्ह, ठ आणि ल. आपल्या डोळ्यांना मात्र त्यात तीनच अक्षरे दिसतात: वि, ठ्ठ, ल. ज्याने चिन्हे मोजून वेळ वाटली त्याचा कार्यक्रम जोडाक्षर मधूनच फोडील. म्हणून रंग अक्षराला एकदम लागावा, किंवा सरळ अख्ख्या शब्दाला लागावा. भारतीय लिपी संगणकावर आणण्याचे मोठे काम जिस्ट या तंत्राने झाले. आयआयटी कानपूरला सुरू झालेले ते काम पुढे १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेत वाढले. त्यामुळे अक्षर पडद्यावर दिसण्याचा प्रश्न मिटला. ते वेळेवर आणि आपल्या उच्चाराप्रमाणे उजळण्याचा प्रश्न आपल्यासारख्यांनी हाती घेण्याचा आहे.

दुसरे कारण गायनाचे. भजनात शब्द छापील क्रमाने येत नाही. धृपद पुन्हापुन्हा फिरते, एखादा शब्द तीनदा घोळवला जातो, चरणाच्या शेवटचा स्वर लांबतो आणि त्यात पुढचा शब्द मिसळतो. शब्द कोठे सुरू झाला? व्यंजनाचा स्पर्श झाला तेथे, की स्वर उघडला तेथे? हा उच्चारशास्त्राचा प्रश्न आहे आणि तो आपल्या अभ्यासक्रमाच्या शेजारचाच आहे. टाळमृदंगाच्या गजरात केलेले कोष्टक शेवटी माणसाच्या कानानेच तपासावे लागते. आणि तो कान ज्याने हा अभंग लहानपणापासून ऐकला आहे त्याचा असेल तर अधिक चांगले. येथे पाठांतर असलेल्या अशिक्षित आजीला संगणकाचा पदवीधर शिष्य होऊ शकतो. मला ही कल्पना फार आवडते.

यावर काही आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की हे काम मोठ्या कंपन्या करतीलच, आपण कशाला धडपडावे? कंपन्या करतील ते चालणाऱ्या चित्रपटगीतांचे करतील. आमच्या गावच्या भजनी मंडळाच्या चालीत गायलेल्या अभंगाला शब्द लावायला कोण येणार आहे? आणि माणूस वाचायला शिकतो तो ओळखीच्या शब्दांवरून. दुसरा आक्षेप असा, की यामुळे मोबाईलचे वेड वाढेल आणि पुस्तक दूर जाईल. ज्यांच्या हाती पुस्तक आहे त्यांच्याबाबतीत ही भीती खरी असेल. ज्यांच्या हाती ते कधी आलेच नाही त्यांना पुस्तकापर्यंत नेणारी ही पायरी आहे. पडद्यावर हरिपाठ ओळखू आला तर छापील हरिपाठ उघडण्याचे धैर्य येईल. तिसरा आक्षेप काही भाविकांचा, की अभंग यंत्रात घालून त्याचे पावित्र्य कमी होते. मी लहान तोंडी मोठा घास घेत नाही. पण संतांनी मराठीत रचना केली ती सामान्यांना कळावी म्हणूनच, असे आपण वर्गात शिकतो. त्यांचे शब्द त्याच सामान्यांना वाचता यावेत, यात पावित्र्य कमी होण्यासारखे काय आहे?

एक आक्षेप मात्र मला मान्य आहे. हे सारे बहिऱ्या माणसांच्या दृष्टीनेही पाहिले पाहिजे. २०१९ साली केंद्र सरकारने श्रवणबाधितांना दूरचित्रवाणीचे कार्यक्रम समजावेत यासाठी मानके जाहीर केली. ऐकू न येणाऱ्याला शब्द उजळण्याचा उपयोग कमी, कारण त्याच्या कानावर काहीच पडत नाही. त्याला शब्द शांतपणे वाचण्याइतका वेळ पडद्यावर राहायला हवा. शिकणाऱ्याची गरज आणि ऐकू न येणाऱ्याची गरज यांत ओढाताण होते. म्हणून ओळ पूर्ण आणि पुरेसा वेळ दिसावी, आणि तिच्यातील शब्द तेवढा उजळत जावा, हा दोघांना सोयीचा मार्ग होय.

आता प्रत्यक्षात काय करता येईल ते सांगते, कारण केवळ मत मांडून थांबणे मला पटत नाही. याला फार पैसा लागत नाही. वेब-व्हीटीटी नावाची एक साधी लेखनपद्धती आहे. तिच्यात प्रत्येक ओळीवर ती कधी सुरू होते आणि कधी संपते हे लिहायचे, खाली मजकूर लिहायचा. ओळीच्या आत प्रत्येक शब्दाची वेळही देता येते. ही साधी मजकुराची फाईल असते, मोबाईलवरही लिहिता येते. संतांचे शब्द सर्वांचे आहेत, पण बाजारातील ध्वनिमुद्रण ज्याचे त्याचे असते. तेव्हा आपण आपल्याच गावच्या भजनी मंडळाचा आवाज, त्यांच्या परवानगीने, मुद्रित करावा. मराठीच्या विद्यार्थ्यांनी शब्दांच्या वेळा आणि शुद्धलेखन पाहावे. संगणक कक्षात बसणाऱ्यांनी उजळवणारा कार्यक्रम लिहावा; तो लिहिताना वर सांगितलेला नियम पाळावा, की हाक टायमरची, पण वेळ आवाजाची. तारेविना जोडलेल्या कर्ण्यातून आवाज किंचित उशिरा बाहेर पडतो, म्हणून शब्द थोडे मागेपुढे करण्याची एक कळ त्यात ठेवावी. आणि तयार झालेली गोष्ट प्रथम ज्यांना वाचता येते त्यांना नव्हे, तर ज्यांना येत नाही त्यांना दाखवून तपासावी. पहिल्या वर्षी दहा अभंग झाले तरी पुष्कळ झाले.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण दरवर्षी रस्ते झाडतो, झाडे लावतो. ती कामे चांगलीच आहेत. परंतु पुढील शिबिर ज्या गावी असेल त्या गावच्या देवळात संध्याकाळी हरिपाठाच्या वेळी एक पडदा लावून पाहावा, अशी मी प्राध्यापक महोदयांना नम्र विनंती करते. विज्ञान शाखेच्या मित्रांनाही माझे सांगणे आहे, की आपण दोघे मिळून हे काम केले तर ते होईल; एकट्याने केले तर तुमचा कार्यक्रम शब्द फोडील आणि आमचे शब्द वेळ चुकवतील.

आपल्या आयाबहिणींनी आजवर पुष्कळ गोष्टींची वाट पाहिली आहे. त्यांच्या तोंडी असलेला शब्द त्यांच्या डोळ्यांसमोर बरोबर वेळेवर यावा, एवढेच आपण पाहायचे आहे. ते काम एका सेकंदाच्या लहानशा भागाचे आहे. पण तो भाग चुकला तर शिकणारा मान खाली घालतो, आणि साधला तर तो पुढचा शब्द पाहायला मान वर करतो. आपल्या महाविद्यालयात शिकणाऱ्या प्रत्येकाने याचा विचार करावा असे मला वाटते.